कान गेले, गाणे राहिले



गेल्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी फिरत होतो. एका घरी ओसरीवर एक वृद्ध काका बसले होते. आयुष्यभर त्यांनी सुतारकाम केले. आपल्यापैकी अनेकांच्या घरची दारे, खिडक्या आणि पलंग त्यांच्या हातचे आहेत. आता ते हात थरथरतात. रंधा धरवत नाही. हत्यारांची पेटी मुलाने उचलून माळ्यावर ठेवून दिली आहे. प्रार्थना झाली, ख्रिस्तप्रसाद झाला. आम्ही निघालो तेव्हा काकांनी आमचा हात धरून ठेवला आणि विचारले की, फादर, देवाने दिलेले हात देवानेच काढून घेतले, मग मागे मला कशाला ठेवले आहे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'हेतू' या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. प्रत्येक वस्तूला तिचा म्हणून एक हेतू असतो, सुरीचा हेतू कापणे, डोळ्याचा हेतू पाहणे, असे आम्हाला शिकवले गेले आणि परीक्षेत त्याला गुणही चांगले मिळाले. पण धार गेलेल्या सुरीने काय करायचे, हे त्या उत्तरपत्रिकेत नव्हते. त्या दिवशी ओसरीवर आम्हाला काही सुचले नाही. काकांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो.

रात्री मात्र एका माणसाची आठवण झाली. त्याचे नाव आपल्या गायनवृंदातील मुलांना ठाऊक आहे, कारण की-बोर्ड शिकायला लागले की त्याचीच एक चाल बहुतेकांच्या बोटांखाली पहिल्यांदा येते. त्याचे नाव लुडविग व्हान बीथोव्हन. ज्याचे सारे आयुष्य कानांवर अवलंबून होते त्याचेच कान गेले. मग त्याने काय केले, हे या रविवारी आपल्यापुढे ठेवावे असे आम्हाला वाटले.

बॉन शहरातील बालपण

जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या काठी बॉन नावाचे शहर आहे. तेथील सेंट रेमिगियस चर्चमध्ये १७ डिसेंबर १७७० रोजी बीथोव्हनचा स्नानसंस्कार झाला. त्याचे आजोबा दरबाराचे प्रमुख संगीतकार होते. ते गेले तेव्हा हा जेमतेम तीन वर्षांचा होता. वडील योहान हे दरबारच्या चर्चमध्ये गायक होते, परंतु दारूने त्यांना पार पोखरून टाकले होते. आईच्या पोटी सात मुले झाली, त्यांपैकी तीनच जगली. लुडविग त्यांत थोरला.

त्या काळी मोझार्ट नावाच्या बालकलाकाराचे सगळ्या युरोपात कौतुक झाले होते. आपल्या मुलानेही तसेच नाव आणि पैसा कमवावा, असे योहानच्या मनाने घेतले. मुलाला तासन्‌तास पियानोवर बसवले जाई आणि चुकले की मार मिळे. १७७८ साली कोलोन येथे त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा वडिलांनी सात वर्षांच्या मुलाचे वय सहा असे सांगितले होते. आपल्या मुलाच्या गुणांचा बाजार मांडणारे आई-बाप आजही भेटतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

सुदैवाने त्याला क्रिस्टियान नेफे नावाचे चांगले गुरू लाभले. वयाच्या तेराव्या वर्षी त्याची दरबारात सहायक ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली आणि वर्षाला १५० गिल्डर पगार सुरू झाला. एवढ्याशा वयात मिस्साला ऑर्गन वाजवून हा मुलगा घरखर्चाला हातभार लावत होता.

१७८७ साली तो संगीताचे माहेरघर असलेल्या व्हिएन्ना शहरी गेला, पण थोड्याच दिवसांत आई क्षयाने अंथरुणाला खिळल्याचे कळले आणि त्याला परतावे लागले. जुलै महिन्यात आई गेली. वडिलांची दारू वाढतच गेली. अखेर १७८९ साली, एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्याने दरबाराकडे अर्ज केला की वडिलांचा अर्धा पगार धाकट्या भावांच्या पालनपोषणासाठी आपल्या हाती द्यावा. अर्ज मंजूर झाला. दारूड्या बापाच्या घरात थोरल्या मुलाला किती लवकर मोठे व्हावे लागते, हे आपल्यातील काही जणांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

व्हिएन्नातील यश आणि एक गुपित

१७९२ च्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा व्हिएन्नाला गेला तो कायमचाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वडील वारले. व्हिएन्नामध्ये थोर संगीतकार हायडन यांच्याकडे त्याने शिक्षण घेतले. बुटका, चेहऱ्यावर देवीचे वण, कपड्यांची फिकीर नाही, बोलणे तोडून टाकणारे, असा हा तरुण पियानोपुढे बसला की सरदार-उमराव स्तब्ध होऊन ऐकत. आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पैसा आला, कीर्ती आली, प्रकाशक त्याच्या दारी येऊ लागले.

आणि नेमक्या त्याच वेळी, १७९८ च्या सुमारास, कानात काहीतरी बिघडले. आधी घणघण आणि शिटीसारखा आवाज येऊ लागला. मग उंच सूर ऐकू येईनात. समोरचा हळू बोलला तर शब्द कळेना आणि कोणी ओरडून बोलले तर सहन होईना. वय तिशीच्या आत. त्याने हे कोणालाही सांगितले नाही. लोकांत मिसळणे मात्र बंद केले, कारण संगीतकाराने आपण बहिरे होत आहोत असे कोणत्या तोंडाने सांगायचे? १८०१ साली त्याने पहिल्यांदा दोन जिवलग मित्रांना पत्राने ही व्यथा कळवली आणि ती गुप्त ठेवण्याची विनंती केली. तोवर लोकांची समजूत अशी झाली होती की हा गर्विष्ठ आहे, माणूसघाणा आहे.

येथे थोडे थांबू या. आपल्या ओळखीतही असा कोणी असेल, जो अलीकडे मिस्साला मागच्या बाकावर बसतो, लग्नकार्याला येत नाही, फोन उचलत नाही. शिष्ट झाला, असे आपण म्हणून मोकळे होतो. त्याच्या मनात काय चालले आहे हे आपण विचारले आहे का?

हायलिगेनश्टाटचे कागद

डॉक्टरांनी कानांना विश्रांती द्या असे सांगितल्यावरून १८०२ च्या वसंतात बीथोव्हन व्हिएन्नाबाहेरच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात जाऊन राहिला. भोवती द्राक्षमळे, ओढा, शेते. पण विश्रांतीने काही फरक पडला नाही. फेरफटका मारताना सोबत्याला दूरवरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, असा अनुभव त्याला आला. त्याच्यासाठी तो फार मोठा घाव होता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्याने आपल्या दोघा भावांना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिले. ६ ऑक्टोबरला लिहिले आणि १० ऑक्टोबरला त्यात आणखी मजकूर घातला. त्यात त्याने आपले बहिरेपण उघडपणे सांगितले, आपण लोकांना टाळत होतो त्याचे खरे कारण सांगितले आणि आपले जीवन संपवण्याच्या विचारापर्यंत आपण गेलो होतो हेही लपवले नाही. मग आपण का थांबलो तेही त्याने लिहिले. आपल्या आत जे काही आहे ते सारे बाहेर येण्याआधी जग सोडून जाणे त्याला अशक्य वाटले. कलेने त्याला मागे खेचले.

ते पत्र त्याने कधीच पाठवले नाही. घड्या घालून कागदपत्रांत ठेवून दिले. पंचवीस वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर, ते सापडले.

आम्हाला या पत्राइतकेच महत्त्वाचे वाटते ते दुसरे काही. ज्या महिन्यांत हे अंधारे विचार त्याला छळत होते, त्याच महिन्यांत तो आपल्या दुसऱ्या सिम्फनीवर काम करत होता. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा चार भागांची संगीतरचना. आणि ही दुसरी सिम्फनी दुःखी नाही, चक्क आनंदी आहे, खोडकर आहे! म्हणजे आधी दुःख संपले, मग हेतू सापडला आणि मग तो कामाला लागला, असे झाले नाही. हेतू हरवलेला असतानाही रोज सकाळी तो टेबलाशी बसत होता. काम चालू होते आणि कामाच्या पोटीच हेतू पुन्हा जन्माला आला.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात क्रम उलटा असतो. आधी हेतू ठरतो, नंतर कृती. पण माणसाच्या आयुष्यात कित्येकदा हात आधी चालतात आणि त्यांच्या मागून मन येते. हे आम्हाला पुस्तकाने नाही, या माणसाने शिकवले.

ऐकू न येता संगीत कसे रचले?

हायलिगेनश्टाटहून तो परत आला आणि १८०३-०४ मध्ये त्याने तिसरी सिम्फनी लिहिली. तोपर्यंतच्या कोणत्याही सिम्फनीहून ती मोठी आणि धाडसी होती. ती नेपोलियनच्या नावे करण्याचा त्याचा विचार होता, पण नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतल्याचे कळताच त्याने रागाने तो बेत सोडला. त्यानंतर त्याचे काम थांबले नाही. नऊ सिम्फनी, बत्तीस पियानो सोनाटा, सोळा चौवादन रचना, एक संगीतनाटक आणि दोन मिस्सा एवढे काम त्याच्या नावावर आहे आणि याशिवायही पुष्कळ आहे. त्या संगीतनाटकाचे नाव 'फिडेलिओ'. अन्यायाने तुरुंगात टाकलेल्या नवऱ्याला सोडवण्यासाठी पुरुषाचा वेश घेऊन तुरुंगात चाकरी करणाऱ्या पत्नीची ती कथा आहे.

कान नसताना हे जमले कसे? आपल्याला अक्षर वाचताना ते मोठ्याने उच्चारावे लागत नाही, मनात ऐकू येते. लहानपणापासूनच्या कडक सरावामुळे बीथोव्हनला कागदावरचे सूर तसेच मनात ऐकू येत. तो रोज दूरवर पायी फिरायला जाई, खिशात वही आणि पेन्सिल असे. सुचलेला तुकडा तो टिपून घेई. पण त्याला सगळे एकदम सुचत असे, असे मात्र मुळीच नाही. त्याच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. एकेक ओळ त्याने किती वेळा खोडली, बदलली, पुन्हा लिहिली, ते त्यांत दिसते. कधी कधी सुरुवातीचा तुकडा अगदी साधा, कोणालाही सुचेल असा असतो. घासून घासून त्याने तो तेजस्वी केला. लाकडावर पुन्हा पुन्हा रंधा मारावा, तसे ते काम होते.

परिस्थिती काही सुधारली नाही. १८०९ साली फ्रेंच सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या, तेव्हा उरलेसुरले कान वाचवण्यासाठी तो भावाच्या घरी तळघरात उशा कानांवर दाबून बसला होता. त्याच वर्षी तीन उमरावांनी त्याला दरवर्षी ४००० गिल्डर देण्याचे कबूल केले होते, परंतु १८११ साली चलनाची किंमत घसरली आणि त्या रकमेला पूर्वीचा अर्थ उरला नाही. लग्नाची त्याला ओढ होती, ते जमले नाही. पियानोवादक म्हणून लोकांपुढे येणेही थांबवावे लागले. मेल्त्सेल नावाच्या कारागिराने त्याला कानाला लावायचे कर्णे करून दिले, तेही पुरे पडेनात. १८१८ पासून त्याच्याशी बोलायचे तर वहीत लिहावे लागे. तो वाचून तोंडी उत्तर देई. त्यामुळे त्या वह्यांत आज बहुधा दुसऱ्यांचेच प्रश्न उरले आहेत, त्याची उत्तरे हवेत विरून गेली आहेत.

ज्याला त्याने ऐकले नाही

आम्ही बीथोव्हनला संत म्हणून आपल्यापुढे ठेवत नाही. तो नियमित चर्चला जाणारा नव्हता. तो तापट होता, संशयी होता, मोलकरणींशी आणि मित्रांशी भांडत असे. आणि एका बाबतीत तो फार चुकला.

१८१५ साली त्याचा भाऊ कास्पार कार्ल क्षयाने वारला. मागे पत्नी योहाना आणि नऊ वर्षांचा मुलगा कार्ल राहिले. मुलाचा ताबा आपल्यालाच मिळावा म्हणून बीथोव्हनने वहिनीविरुद्ध सुमारे चार-पाच वर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. अखेर १८२० साली तो जिंकला. त्याचे कार्लवर प्रेम होते यात शंका नाही. पण ते प्रेम गुदमरून टाकणारे होते. मुलाला आईपासून तोडले, त्याच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवली. आपल्याला बापाने जसे आपल्या स्वप्नासाठी राबवले, तसेच आपणही करत आहोत हे त्याच्या ध्यानात आले नाही. १८२६ च्या ऑगस्टमध्ये त्या तरुणाने पिस्तुलाने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. ज्या दरीच्या काठावरून काका स्वतः चोवीस वर्षांपूर्वी परत आला होता, त्याच काठावर त्याचा लाडका पुतण्या येऊन उभा राहिला आणि काकाला ते समजले नाही.

ही गोष्ट आम्ही गाळू शकलो असतो. पण मग हे चरित्र खोटे झाले असते. एखाद्या कामात आपल्याला आपला हेतू सापडला म्हणून आपण आपोआप चांगले माणूस होत नाही. काम आपल्याला जगवू शकते. शेजारच्या खोलीतील मुलाचे ऐकणे हे मात्र दुसरे काम आहे, त्याला वेगळे शिकावे लागते. कानांनी बहिरा असणे हा बीथोव्हनचा दोष नव्हता. या दुसऱ्या बहिरेपणाबद्दल आपण सगळ्यांनीच आपला विवेक तपासून पाहावा. जीव नकोसा झाल्याचे घरातील कोणी बोलून दाखवले, तर ते नाटक आहे असे समजू नका. त्याच्याजवळ बसा, वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या आणि आमचेही दार रात्री-अपरात्री वाजवा.

मिस्सा, आनंदगीत आणि कृतज्ञता

या कोर्टकचेरीच्या, आजारपणाच्या आणि संपूर्ण शांततेच्या काळातच त्याने आपली सर्वांत मोठी कामे केली.

त्याचा शिष्य आणि आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ हा ऑलम्युट्झचा आर्चबिशप होणार होता. त्याच्या ९ मार्च १८२० च्या समारंभासाठी बीथोव्हनने १८१९ साली एक मिस्सा रचायला घेतली. तिला 'मिस्सा सोलेम्निस' म्हणतात. मिस्साच्या लॅटिन प्रार्थना आपण लहानपणापासून ऐकल्या, पण त्यांचा अर्थ खरोखर कळतो का, या विचाराने त्याने शब्दन्‌शब्दाचा जर्मन अर्थ लिहून घेतला, जुने चर्चसंगीत अभ्यासले. काम वाढत गेले. समारंभ होऊन गेला, तरी मिस्सा पुरी झाली नव्हती! तिची प्रत आर्चबिशपांच्या हाती पडली ती १८२३ साली, तीन वर्षे उशिरा.

या मिस्साचा शेवट ऐकण्यासारखा आहे. 'हे देवाच्या कोकरा' या प्रार्थनेत आपण शांतीचे दान मागतो. बीथोव्हनच्या रचनेत ती शांतीची याचना चालू असताना मध्येच दुरून युद्धाचे नगारे आणि तुताऱ्या ऐकू येतात, गायक भयभीत होऊन दयेची भीक मागतात आणि मग पुन्हा शांतीची प्रार्थना सुरू होते. ज्याने तळघरात उशांखाली तोफा ऐकल्या होत्या त्याने ही प्रार्थना रचली. आतली आणि बाहेरची, अशा दोन्ही शांतीसाठी ही विनवणी आहे, अशी नोंद त्याने तेथे करून ठेवली आहे.

७ मे १८२४ रोजी व्हिएन्नामध्ये या मिस्साचे तीन भाग आणि त्याची नववी सिम्फनी सादर झाली. शिलर या कवीच्या आनंदावरील कवितेला चाल लावण्याचे त्याच्या मनात तरुणपणापासून, सुमारे तीस वर्षे घोळत होते. ते त्याने या सिम्फनीच्या शेवटच्या भागात साधले. सिम्फनीत वाद्यांच्या जोडीला माणसांचा गळा आणणे ही त्या वेळी धाडसाची गोष्ट होती. आणि चाल तरी कशी? शेजारशेजारच्या सुरांवरून पायऱ्या उतरावी-चढावी तशी जाणारी, लहान मुलालाही म्हणता येईल अशी. म्हणूनच तर ती आपल्या मुलांच्या बोटांखाली येते. १९७२ साली युरोपच्या परिषदेने आणि १९८५ साली युरोपीय समुदायाने हीच चाल आपले गीत म्हणून स्वीकारली.

त्या रात्री बीथोव्हन रंगमंचावर उभा राहून लय दाखवत होता, पण वादकांना उमलाउफ नावाच्या संचालकाकडेच पाहण्याची सूचना होती. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा बीथोव्हनची पाठ श्रोत्यांकडे होती. त्याला काहीच कळले नाही. तेव्हा कॅरोलीन उंगर या तरुण गायिकेने त्याला हलकेच वळवून लोकांकडे तोंड करून उभे केले. मग त्याला दिसले की लोक टाळ्या वाजवत आहेत, रुमाल आणि टोप्या उंचावत आहेत. त्याने टाळ्या ऐकल्या नाहीत, पाहिल्या. त्या कार्यक्रमातून पैसे म्हणाल तर फारच थोडे सुटले आणि तो त्यामुळे खूप निराश झाला, हेही खरे.

पुढच्या वर्षी, १८२५ च्या वसंतात, तो पोटाच्या आजाराने अगदी मरणाच्या दारी जाऊन आला. बरा झाल्यावर त्याने एका चौवादन रचनेत एक संथ भाग लिहिला आणि आजारातून उठलेल्या माणसाने देवाला वाहिलेले कृतज्ञतेचे पवित्र गीत, अशा अर्थाचे नाव त्याला दिले. त्यासाठी त्याने चर्चसंगीतातील एक प्राचीन स्वरसप्तक वापरले. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, एवढ्या चार वाद्यांची ती प्रार्थना आहे. तिच्यात शब्द नाहीत. स्वतःच्या कानांनी ती त्याने कधी ऐकलीही नाही. तरी त्याने आभार मानले.

अखेर

१८२६ च्या डिसेंबरमध्ये तो भावाच्या गावाहून थंडीतून परतला तो आजारीच. फुप्फुसांना सूज आली, मग जलोदर झाला, पोटातील पाणी चार वेळा काढावे लागले. १८२७ च्या जानेवारीत त्याने आपले सर्व काही पुतण्या कार्लच्या नावे केले. २४ मार्चला त्याने अखेरचे संस्कार स्वीकारले. २६ मार्च १८२७ रोजी, बाहेर वादळ गरजत असताना, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो देवाघरी गेला. २९ मार्चला अंत्ययात्रेसाठी व्हिएन्नाचे रस्ते हजारो माणसांनी भरून गेले. मशाली घेऊन चालणाऱ्यांत तरुण संगीतकार शूबर्टही होता.

२०२३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जपून ठेवलेल्या केसांची जनुकीय तपासणी केली. यकृताच्या विकाराचा धोका त्याला जन्मतःच होता आणि त्याला हेपटायटिस-बी झाला होता, असे त्यांना आढळले. बहिरेपणाचे कारण मात्र त्यातून उलगडले नाही. त्याने स्वतःही आयुष्यभर 'का' हा प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाले नाही. मग त्याने उत्तराची वाट न पाहता हातात होते ते काम केले.

आमचे मागणे

दुःखामुळेच बीथोव्हन मोठा झाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही. बहिरेपण हे काही वरदान नव्हते, ते हिरावून घेणेच होते. दुःख स्वतः काही निर्माण करत नाही. पण जे हिरावले गेले नाही त्याच्याकडे त्याने पाहिले. कान गेले, गाणे गेले नव्हते. कान हे त्याच्या गाण्याचे दार होते, घर नव्हे.

म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या सुतारकाकांकडे गेलो. उपदेश केला नाही, एक काम घेऊन गेलो. येत्या नाताळसाठी चर्चमध्ये गाईगुरांचा नवा गोठा करायचा आहे. काकांनी लाकूड निवडावे, मापे सांगावीत, सांधे कसे बसवायचे ते तोंडी समजावावे आणि युवक संघातील मुलांनी त्यांच्या नजरेखाली करवत, रंधा चालवावा, अशी आमची विनंती आहे. हात त्यांचे थरथरतात, पण कोणते लाकूड पावसात फुगते आणि कोणते फुगत नाही हे त्यांना अजून झोपेतही सांगता येईल.

काकांनी अजून हो म्हटलेले नाही. विचार करतो, एवढेच म्हणाले. पण आम्ही निघताना त्यांनी मुलाला हाक मारली आणि माळ्यावरची पेटी खाली काढायला सांगितली. पेटीतील हत्यारांना गंज चढला आहे की नाही, तेवढे पाहायचे आहे म्हणे.

ज्या युवकांना शिकायची इच्छा असेल त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्हाला भेटावे. आणि ज्या घरांतील पेट्या माळ्यावर पडून आहेत, मग ती हत्यारांची असो, शिवणकामाची असो, की जुन्या व्हायोलिनची, त्या घरांतील मंडळींनी या आठवड्यात एकदा वर चढून ती पेटी खाली आणावी, एवढेच आमचे मागणे आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू